घाट्यानंतरची रिकामी जागा

मी तिसरी शिकलेला माणूस. केळीच्या बागेत जन्म गेला. लिहायचं काम कधी पडलं नाही, पडलं तर बायको करायची. ती चौथी पास होती आणि ती एक यत्ता तिनं मला जन्मभर ऐकवली. आता ती नाही, म्हणून मी लिहितो आहे. चुकलं तर चुकलं.

ती गेली त्यानंतरच्या उन्हाळ्यात सुनेनं बिबडे केले. आमच्याकडे ज्वारीचे पापड असतात, त्यांना बिबडे म्हणतात. ज्वारी भिजवायची, दळायची, तिखट-मीठ, लसूण, तीळ घालून त्या पिठाचा घट्ट घाटा शिजवायचा आणि ओल्या कापडावर हातानं थापायचा. आमच्या गल्लीत, आणि तिकडे धुळ्याला तिच्या माहेरी, बायकोचे बिबडे म्हटलं की बाया गप्प बसायच्या. सुनेचे उन्हातच तडकले. तळले तर कडक, दाताला लागतील असे. सून रडली. म्हणाली, मी आईंसारखंच केलं. शेजारची एक जण माझ्या तोंडावर बोलली, "म्हातारीची रीतच तशी असेल, हातामुळे निभून जायचं."

ते मला लागलं. माणूस गेलं ते गेलं, पण त्याची रीत खोटी म्हणायची म्हणजे काय?

मग पिठाच्या डब्यात कागद सापडले. जुन्या कॅलेंडरची पानं होती. पुढे महिना, मागे कोऱ्या बाजूला तिचं अक्षर. सगळं लिहिलेलं होतं, ज्वारी कोणती घ्यायची इथपासून डबा कसा लावायचा इथपर्यंत. पाच पानं. मला कधी सांगितलं नाही. मी विचारलंही नव्हतं म्हणा.

माझी नात जळगावला कॉम्प्युटरचं शिकते. शनिवारी भुसावळ करून एसटीनं घरी येते. तिला मी कागद दाखवले आणि म्हणालो, हे सगळ्यांना दिसलं पाहिजे. त्या शेजारणीला तर आधी. नात म्हणाली, "आबा, आपण आजीचं वेब पेज करू. लिंक पाठवली की ज्याच्या त्याच्या मोबाईलवर उघडेल." मी म्हणालो कर. एका दुपारी तिनं केलंसुद्धा. माझ्या मोबाईलवर उघडून दाखवलं. वर मोठ्या अक्षरात 'आजीचे बिबडे', खाली एक, दोन, तीन असे आकडे घालून सगळं. मला बरं वाटलं. मी ते धुळ्याला साळीला पाठवलं. बायकोची धाकटी बहीण. बिबडे थापायला दर उन्हाळ्यात आमच्याकडे यायची.

तिचा लगेच फोन, तिच्या अहिराणीत. "दाजी, हाई काय धाडेल शे तुम्ही? मना मोबाईलमा बठ्ठं चेपायेल शे."

"चेपायेल म्हणजे?"

"म्हंजे वळीवर वळ चढेल शे. तिनी जागा सोडेल व्हती, ती कुठे गयी?"

मी माझ्या मोबाईलवर पाहिलं. जागा होती. भरपूर होती. मग सुनेच्या मोबाईलवर उघडलं. तिथे आणखीच तिसरं. वरचं नाव एवढं मोठं की दोन ओळींत तुटलेलं, आणि आकडे पार कडेला जाऊन अर्धे कापलेले. माझं डोकं फिरलं. एकच कागद, एकाच पोरीनं लिहिलेला, आणि तीन घरी तीन तऱ्हा. मी नातीला म्हणालो, "तू मावशीआजीसाठी वेगळं केलं का?"

"नाही हो आबा. एकच आहे."

"मग दिसतं वेगळं कसं?"

"प्रत्येक मोबाईलमधला ब्राउझर वेगळा असतो. ज्यातून आपण पेज बघतो तो. प्रत्येकाची आपापली सवय असते. कोणी नावाच्या वर जास्त जागा सोडतो, कोणी कमी. आपण काही सांगितलं नाही की तो आपल्या मनानं करतो."

"आपण सांगितलं नाही म्हणून तो मनचं करतो?"

"हो."

"त्याला विचारलं कोणी?"

ती हसली. मला हसू आलं नाही. साळी अजून फोनवरच होती, सगळं ऐकत होती. मी तिला म्हणालो, जागेचं एवढं काय घेऊन बसली, अक्षरं तर तीच आहेत ना.

साळी म्हणाली, "दाजी, एक वळ मोकळी म्हंजे एक रात पानीमा. तीन वळी मोकळ्या, तीन राती. रोज पानी बदलानं. ती असंच लिखे. तुम्हले माहीत नही?"

नव्हतं माहीत.

"चाळीस वरीस फुकट खादं का मंग?"

मी फोन ठेवला. कागद काढून पाहिले. 'ज्वारी धुवून भिजत घालावी', आणि खाली तीन ओळी कोऱ्या. मग 'उपसून सावलीत पसरावी', खाली एक कोरी. थांबायचं कुठे नि किती, ते तिनं अक्षरात लिहिलंच नव्हतं. मोकळं सोडलं होतं. सुनेला तिनं तोंडी सांगितलं असेल 'मग थांबायचं', आणि सून एक रात्र थांबली असेल. म्हणून तडकले. रीत खोटी नव्हती. पण आता नातीच्या पेजावर ती थांबायची जागा कोणाच्या मोबाईलवर एवढी, कोणाच्या तेवढी, आणि साळीच्या तर नाहीच. लोक ते वाचून करणार, तडकणार, आणि पुन्हा म्हणणार, म्हातारीची रीतच तशी.

नातीला सांगितलं. तिनं पान हातात घेऊन कोऱ्या ओळी मोजल्या. मग म्हणाली, "आबा, मला वाटलं आजीनं सहज सोडली. मी नीट मोजलीपण नाही." मग लॅपटॉप उघडला आणि म्हणाली, "याला रिसेट स्टाइल शीट लावते. म्हणजे आधी सगळ्या ब्राउझरच्या सवयी पुसून टाकायच्या. सगळं शून्य. मग आपण आपलं सांगायचं. तेव्हा सगळीकडे सारखं दिसेल."

"शून्य म्हणजे?"

"तुम्ही केळी लावायच्या आधी रान सपाट करता ना? आधी सपाट, मग सऱ्या. तसं."

ते मला कळलं. पण सपाट करताना मी काय करतो ते तिला ठाऊक नव्हतं. वरची काळी माती आधी खरवडून बाजूला ढीग घालतो, मग उंचवटा कापतो, मग ती माती परत पसरवतो. नाहीतर चांगली माती खड्ड्यात जाते आणि वर मुरूम उघडा पडतो. मी तिला विचारलं, "हिची माती कुठे काढून ठेवली तू?" तिला प्रश्न कळला नाही. मलाही नीट सांगता आला नाही. तेवढ्यात तिची एसटीची वेळ झाली. रविवार होता. 'रिसेट लावला आहे, बाकीचं पुढच्या शनिवारी' असं म्हणून ती पिशवी घेऊन पळाली.

सोमवारी सकाळी चहा घेऊन मी मोबाईल उघडला, आणि काय पाहतो? सगळं एकमेकाला चिकटलेलं. 'आजीचे बिबडे' हे नाव आणि 'मीठ चवीपुरते' हे एकाच मापाचं अक्षर. नावाचा ठळकपणा गेला. आकडे गेले, एक नाही, दोन नाही. आणि जागा तर दाण्याएवढीही राहिली नव्हती. भिजत घालावी उपसून पसरावी दळून आणावी, सगळं एका दमात. सुनेच्या मोबाईलवर पाहिलं, तिथेही तेच. साळीला फोन करून विचारलं, तिथेही तेच. नात बोलली ते खरं झालं होतं. सगळीकडे सारखं. सगळीकडे सारखंच मातीमोल.

मी नातीला फोन लावला. ती वर्गात होती, कापला. मी परत लावला. परत कापला. चौथ्यांदा उचलला तेव्हा मी ओरडलो. "आजी पुसली तू! तिचं नावपण बारीक करून ठेवलं!" ती हळू आवाजात म्हणत होती, "आबा, काही पुसलं नाही, शब्द सगळे आहेत, अजून अर्धं काम बाकी आहे." मला ते ऐकूच जाईना. मी म्हणालो, शब्द राहिले म्हणजे माणूस राहिलं का? आणि फोन आपटला. नंतर सून म्हणाली, पोरगी बाहेर येऊन रडली असेल. मी म्हणालो, रडू दे. पण त्या दिवशी जेवण गेलं नाही.

आठवडाभर मी ते पेज रोज उघडून पाहिलं. दर वेळी वाटायचं, आज नीट झालं असेल. मला हे कळत नव्हतं की घरंच सारखी नाहीत, बायाच सारख्या नाहीत, मग कागद सगळीकडे सारखा हवा हा हट्ट कोणाचा? माझाच होता. आणि सारखा झाला तेव्हा मलाच तो चालला नाही. अजूनही हे मला नीट उलगडलेलं नाही.

शनिवारी नात आली. माझ्याशी बोलली नाही, पाणी प्यायली, लॅपटॉप उघडला. मी समोर बसलो. थोड्या वेळानं तीच म्हणाली, "आता सांगा. कुठे किती जागा?"

"मला काय विचारते? तूच कर."

"मी केली तर माझी सवय होईल. आजीची पाहिजे ना?"

हे बरोबर होतं. मी कागद आणले. साळीला फोन लावून मधे ठेवला, आवाज मोठा करून. मी ओळी मोजून सांगायचो, नात बोटं चालवायची. तीन ओळी. एक ओळ. नावाचं अक्षर एवढं मोठं. आकडे परत आणले. नात म्हणाली, "प्रत्येक जागेत बारीक अक्षरात 'तीन रात्री', 'एक रात्र' असं लिहूनही टाकते, नाहीतर नवीन माणसाला कळणार नाही." मी म्हणालो लिही, पण जागा खायची नाही. लिहून उरली पाहिजे.

तिसऱ्या पानावर सहा ओळी कोऱ्या निघाल्या. दळण आणल्यावर सहा दिवस? पीठ सहा दिवस ठेवतात का? मी साळीला विचारलं.

ती खो खो हसली. "तठे तेल सांडेल व्हतं दाजी! पेन चालेच ना. मी व्हती ना तठे. ती तेलले शिव्या दी राहिनी व्हती."

आता आली का पंचाईत? कोणती जागा थांबायची आणि कोणती तेलाची, हे कसं ओळखायचं? साळीला सगळं आठवेना. मग नातीलाच सुचलं. तिनं पान खिडकीत धरलं. तेलाचा डाग पडला होता तिथून ऊन आरपार दिसत होतं, कागद पिवळा काचेसारखा. कोऱ्या जागेतून तसं दिसत नव्हतं. मग आम्ही एकेक पान खिडकीत धरलं. ही तेलाची, सोड. ही थांबायची, घे. नातीचा राग तोवर गेला होता. ती म्हणाली, "आबा, ब्राउझरच्या सवयी काढणं सोपं होतं, आजीच्या स्वयंपाकघराच्या काढणं अवघड आहे."

चौथ्या पानावर लिहिलं होतं, 'घाटा शिजवावा, पळी उभी राहिली म्हणजे झाला.' खाली दोन ओळी कोऱ्या. मग 'ओल्या हाताने थापावे.'

मी पान खिडकीत धरलं. तेल नव्हतं. उलटं करून धरलं. नव्हतं. साळीला विचारलं. म्हणाली, मला माहीत नाही, आणि तिथे थांबायचं असूच शकत नाही, घाटा निवला की थापलाच जात नाही. ते मलाही माहीत होतं. एवढं तर चाळीस वर्षांत पाहिलं होतं.

नात म्हणाली, "मग ही काढू?"

मी थांबलो. घाटा शिजला की ती आधी एक वाटी भरून काढायची. वरून कच्चं तेल. आणि दारातून हाक, "या लवकर, गरम शे." मी कधीच लवकर गेलो नाही. गुरं बांधतो, पाइप गुंडाळतो, दोन मिनिटं. ती हात ओला करून, कापडाजवळ बसून राहायची आणि तिकडे घाटा घट्ट व्हायचा. मी येऊन वाटी हातात घेतली की मग थापायला लागायची, शिव्या देत. साळी तेव्हा अंगणात खाट मांडत असायची, तिला आतलं काय दिसणार?

ती जागा त्या वाटीची असेल का? का नुसताच पेन थांबला असेल? मला माहीत नाही. तिला विचारायचं राहिलं, असं आणखी पुष्कळ आहे.

"ठेव," मी म्हणालो.

"इथे बारीक अक्षरात काय लिहू?"

"काही नको."

संध्याकाळी साळीचा फोन आला. "आते बराबर दिखस दाजी. मना मोबाईलमा, पोरना मोबाईलमा, बठ्ठीकडे सारखं. पन घाटानंतरनी ती जागा राही गयी शे. आठे थांबीसन मी काय करू?"

"एक वाटी काढ. वरून तेल टाक. मग थापायला बस."

तिकडे तिनं नाक ओढलं.

"तेल कच्चंच ना?"

"कच्चंच."