माळाईची उभी

पाचव्या माळेला माझी आई देवळात खाली बसली. बसली म्हणजे तिचे गुडघे वाकले आणि ती भिंतीला घसरत भुईवर आली. डोळे मिटलेले. मी सातवीत होते, शेजारी तेलाची बुधली घेऊन उभी. तेवढ्यात आरतीला पाटलीणबाई आल्या. त्यांनी आईच्या मांडीला पायाचा अंगठा टोचला.

"उठ गं. देऊळ हाय का तुझी गादी?"

आई धडपडत उठली. "चुकलं, आईसाब. डोळा लागला."

"डोळा लागला म्हनं! आमचा नवस बाटवलास की."

मागून कुणीतरी म्हणालं, "आवं, फुडल्या साली हिला खाटच टाका गाभाऱ्यात."

सगळे हसले. बायकासुद्धा. पाटलीणबाईंनी शुद्धीसाठी आईच्या डोक्यावर घागरभर गार पाणी ओतायला लावलं आणि सांगितलं, पुन्हा पहिल्या माळेपासून नऊ दिवस उभं राहायचं.

कोरेगावपासून आत आमचं गाव. माळावर माळाईचं देऊळ. तिची सेवा आमच्या घरातल्या बाईकडे. चैत्रात यात्रेला दिवा डोक्यावर घेऊन शीव फिरायची. आषाढात घरोघरचे नैवेद्य चढवायचे. आणि नवरात्रात उभं राहायचं. पाटलांच्या कुठल्या पूर्वजानं नवस केला होता, घरची बाई नवरात्रभर देवीपुढं उभी राहील. त्यांच्या घरची कधीच राहिली नाही. नवस त्यांचा, पाय आमचे. रात्रीसुद्धा उभंच. आढ्याला दोर टांगलेला, त्यात काखा अडकवून झोपायचं. आईला गावात नाव नव्हतं. सगळे 'उभी' म्हणत. मी उभीची पोरगी. बदल्यात देवळामागची खोली आणि वर्षाचं धान्य.

त्या वर्षी दसरा झाला. पोरांनी आपट्याची पानं वाटली, मांडव उतरला, गाव सुगीला लागलं. देवळात कुत्रं फिरकत नव्हतं. आई उभीच. पाय सुजून खांबासारखे झालेले, पोटरीतून पाणी गळत होतं.

मी म्हटलं, "आई, बघायला कोन न्हाई. बस की."

"देवी बघती," ती म्हणाली.

मी शिकले त्यात पाटलांचाही हात होता. ते मी नाकारणार नाही. सांगलीच्या वसतिगृहात जागा मिळाली ती थोरल्या पाटलांच्या शब्दानं. शाळेतल्या बाईंनी स्वतःची पुस्तकं दिली. मी या सगळ्यांची ऋणी आहे. विश्रामबागेतल्या कॉलेजात पहिल्या वर्षी एका मॅडमकडे शंका विचारायला गेले. त्या समजावत होत्या, मी उभी. बराच वेळ. शेवटी त्यांनीच खुर्ची पुढे सरकवली. "अगं, बस ना. पाय दुखतील." मी बसले आणि रडायला लागले. त्या घाबरल्या. आमच्या घरच्या बाईचे पाय दुखू शकतात, हे मी परक्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होते.

बी.ए. झाले त्या भाद्रपदात आईच्या पोटरीची जखम चिघळली. डॉक्टरांनी उभं राहायला मनाई केली. पाटलीणबाईंनी मला घरी बोलावलं. त्या झोपाळ्यावर, मी दारात.

"अवंदा तू उभी ऱ्हा."

"मी न्हाई राहणार, काकी."

झोपाळा थांबला. आजवर मी त्यांना आईसाबच म्हणत आले होते.

"काकी कुनाला म्हनतीस गं? आमच्या शब्दावर शिकलीस, ते इसरलीस व्हय?"

"न्हाई इसरले. लय उपकार हायती. दुसरं काय बी सांगा, करीन. पण नवस तुमच्या घरचा हाय. तुमच्या घरच्या बाईनं उभं राहावं."

"आन् खोली?"

"सोडतो आमी."

घट बसायच्या आधी आम्ही गाव सोडलं. आई टेम्पोत रडत होती. "माझ्या हातनं देवी सुटली," एवढंच म्हणत होती. आता ती सांगलीच्या खोलीत रोज सकाळी माळाईच्या दिशेनं तोंड करून उभी राहते. माझ्याशी धड बोलत नाही. मी वाद घालत नाही. दमले आहे. शाळेत शिकवते, परत येते, तिच्या पायाला पट्टी बांधते.

गेल्या आठवड्यात गावातल्या मावशीनं एसटीडी बूथवरून शाळेत फोन केला. पाटलांनी आमची खोली तिला दिली आहे. तिची पोरगी कमल नववीत आहे. या नवरात्रात कमल उभी राहणार.

मी ओरडले. मावशी शांतपणे म्हणाली, "तुला नोकरी हाय बाई. आमी कुटं जायाचं?"

तिचं चुकत नव्हतं. मी एकटीच सुटले होते, आणि माझी जागा कमलनं भरायची होती.

माझी खोली लहान आहे. तरी घटस्थापनेच्या आदल्या दिवशी मी गावात जाणार आहे. कमलला घेऊन येणार, मावशी येईल तर तिलाही. पाटील आडवे आले तर पोलिसात जाणार. ज्यांच्या शब्दावर मी शिकले, त्यांच्याच विरुद्ध. गाव मला कृतघ्न म्हणेल. आईही म्हणेल. म्हणू देत. कमल उभी राहणार नाही.