आईची जीभ

बचनागाचं मूळ जहरी. तापाच्या गोळीत घालण्याआधी ते गोमूत्रात शिजवून त्यातलं विष काढतात. विष निघालं की नाही, हे निपाणीच्या आमच्या घरात आईची जीभ ठरवायची. कणभर टोकाला लावायची आणि झिणझिणलं की म्हणायची, "कच्चं हाय, परत घाला." वैद्य माझे वडील, आप्पा, पण शेवटचा शब्द तिचा. "हिच्या जिभेला जहर भितंय," म्हणून आप्पा चिडवायचे.

आप्पांच्या दाढेत मात्र सदा तंबाखू. मेल्या त्या तंबाखूचं नाव काढलं तरी अजून माझं डोकं फिरतं. पण निपाणीत ती न खाणारा माणूस पाव्हणाच समजायचे!

मग आईच तापानं पडली. शिजवलेलं मूळ या खेपेला आप्पांनी स्वतः चाखलं. काही लागलं नाही. त्यांनी गोळ्या वळल्या, तिला एक दिली.

"ओठ बधिर झाल्यात वो," ती म्हणाली. मग हातपाय गार पडले. दिवेलागणीच्या आत आई गेली.

गाव कुजबुजायला लागलं. आप्पा भडकले. "माझ्या गोळीनं न्हाय गेली ती! तपासा म्हणावं!" उरलेल्या गोळ्या आणि मला घेऊन ते बेळगावला एका प्रयोगशाळेत गेले. तिथल्या माणसानं गोळी खलली, मद्यार्कात भिजवली, गाळली, आटवली. एवढी काचेची भांडी, आणि शेवटी त्यानंही थेंब जिभेलाच लावला! लगेच थुंकून चूळ भरली.

"बचनाग कच्चा आहे, वैद्यबुवा."

"मी चाखलंय की! कायबी लागलं न्हाय."

तो आप्पांच्या काळ्या दातांकडे बघत राहिला. "तंबाखू कधीपासून खाता?"

आप्पांनी राहिलेल्या गोळ्या पुडीत बांधल्या. "चाखायला ती असायची," एवढंच बोलले.

घरी येऊन त्यांनी तंबाखूचा बटवा चुलीत घातला. पण घर काही शांत झालं नाही. खल वाजला की मला माजघरातून स्पष्ट ऐकू यायचं, "परत घाला." मी भ्यायचे, आणि भ्याले म्हणून रडायचे. आईला कुणी भितं का?

बऱ्याच महिन्यांनी आप्पांनी फडताळातून त्याच गोळ्यांतली राहिलेली एक काढली. मी ओरडेपर्यंत कण जिभेवर होता.

"लागतंय गं," ते म्हणाले. "आता लागतंय."

मी धावत पाण्याचा तांब्या आणला. ते चूळ भरेनात.