सगळ्यांच्या बहिणींना विचारणारे भालेराव काका

भालेराव काकांना भावांना पिटाळायची भारी हौस होती. नाशिक रोडच्या नोंदणी कचेरीबाहेर ते दस्त लिहायचे आणि शेजारच्या टेबलावर मी टाइप करायचे. वडिलांच्या घरा-जमिनीतला हिस्सा भावाला सोडून द्यायला कुणी बहीण आली, की काका भावाला म्हणायचे, "आधारची झेरॉक्स राहिली, पळा!" तो वळला, की बहिणीला विचारायचे, "ताई, हे मनापासून चाललंय, की माहेर तुटेल म्हणून?"

कुणी रडायची, कुणी हसून सही करायची. एकीला भाऊ बदल्यात साडी घेणार होता. काकांनी कपाळावर हात मारला. "एका साडीत दोन गुंठे? अहो, येवल्याची पैठणीसुद्धा एवढी महाग नसते!" ती बाई सही न करताच उठली. हातचं गिऱ्हाईक गेलं आणि हे आपले खुशीत!

मग पेपरात आलं, की सरकार म्हणे नवा कायदा आणणार: हक्क सोडण्याआधी अधिकाऱ्याने बहिणीला एकटीला विचारायचं. बाकीचे दस्तलेखक वैतागले. काका पेपर नाचवत फिरले. "आता सुचलं होय यांना? मी फुकट मसुदा दिला असता!"

त्याच आठवड्यात त्यांची मोठी बहीण आली, सुमनआत्या. नवरा गेलेला, भाड्याच्या खोलीत राहायची. वडिलांचं घर काकांच्या एकट्याच्या नावावर करायचं होतं, आणि तो कागद काकांनीच लिहून आणला होता. मी म्हटलं, "काका, झेरॉक्स?"

ते चपापले. "अगं, कायदा कुठे आलाय अजून?" मी हलले नाही, तेव्हा गेले बापडे.

आत्या हळूच म्हणाली, "मागची खोली मिळाली असती तर बरं झालं असतं गं. पण प्रकाशला, तुझ्या काकांना, कसं सांगू?"

काका परतल्यावर मीच सांगितलं. झालं! "मी तिला कधी नाही म्हटलंय? राखीला, दिवाळीला काही कमी करतो का? लोक काय म्हणतील?" रोज भाऊमंडळी म्हणतात तेच, शब्दन् शब्द. मला हसूही येत होतं आणि त्यांचा रागही.

"काका, हे आपण रोज ऐकतो," मी म्हटलं.

त्यांनी कागद ओढून घेतला. मग तो टराटरा फाडला. "वारसनोंदीचा अर्ज घे. दोघांची नावं. तिचं आधी टाक, मोठी आहे ती."

"रागावलास का रे?" आत्याने विचारलं.

"रागावणार नाही तर काय! इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

आत्या म्हणाली, "तू कधी विचारलंस?"