काकांचे कॉमा आणि आमचं पाणी

इंग्रजीत कॉमा कुठे द्यायचा हे मला कुणी धड शिकवलं नाही. गावच्या शाळेत सर फळ्यावर उत्तर लिहायचे आणि आम्ही ते कॉमासकट उतरवून घ्यायचो. पुढे निघोज्याच्या कंपनीत क्वालिटीला लागले, रोज मेल लिहायची वेळ आली, तेव्हा मीच माझा नियम केला. वाक्य ओठांतल्या ओठांत वाचायचं आणि दम लागला की कॉमा टाकायचा. या नियमावर मी परदेशातल्या कस्टमरशी वर्षानुवर्षं भांडलेय, आणि त्याला माझं म्हणणं कळलं नाही असं एकदाही झालेलं नाही.

म्हणूनच आमच्या चऱ्होलीच्या सोसायटीने बिल्डरला इंग्रजीत पत्र लिहायचं ठरवलं, तेव्हा ते काम माझ्या गळ्यात पडलं. फ्लॅट विकताना त्याने चोवीस तास पाणी कबूल केलं होतं. राहायला आलो तर टँकर, तोही आला तर आला. आधीच्या मराठी पत्रांना त्याच्या ऑफिसने भीक घातली नव्हती. मी एका संध्याकाळी पत्र लिहून सेक्रेटरीकाकांकडे दिलं. काका मोठ्या सरकारी ऑफिसातून रिटायर झालेले, इंग्रजी शुद्ध, आणि हातात लाल पेन.

झालं! एक रविवार ‘हाउएव्हर’च्या पुढे कॉमा हवा यात गेला, दुसरा ‘अँड’च्या मागे नको यात. मी नियम विचारला की काका म्हणायचे, तसा नियम आहे, पण तो इथे लागू नाही. मी म्हटलं, काका, मला जिथे दम लागतो तिथे मी देते. ते हसले. म्हणाले, इंग्रजी काही तुमच्या दमावर चालत नाही, ताई. डोक्यात अशी तिडीक गेली म्हणून सांगू! पण वयाचा मान ठेवून पत्र पुन्हा लिहायला घेतलं.

इकडे मी फर्स्ट शिफ्टला गेले की सासूबाई खालच्या बोअरच्या नळावर बादली घेऊन उभ्या. लिफ्ट बंद असली की चौथ्या मजल्यापर्यंत जिना. एका सकाळी बादलीसकट घसरल्या आणि मनगट टम्म सुजलं. शिफ्टवरून येऊन मी शेकायला बसले तर त्या म्हणाल्या, “त्या पत्रात पाणी द्या असंच लिवलंय ना? मग यवढा येळ कशाला लागायलाय?”

लाज वाटली आणि त्याहून जास्त राग आला. मी तशीच काकांच्या दारात गेले आणि पत्र आजच जाणार म्हणून सांगितलं. ते म्हणाले, अशा पत्रावर माझी सही मिळणार नाही. नको तर नको! मी आधी माझी सही केली, मग घरोघर फिरून बायकांच्या सह्या घेतल्या. काही जणींनी मराठीत केल्या, सासूबाईंनी डाव्या हाताचा अंगठा दिला, कारण उजवा उचलत नव्हता.

बिल्डरचं उत्तर लवकर आलं. काकांनी ते पार्किंगमध्ये सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं, एकेका कॉमापाशी थांबत, आणि माझ्याकडे बघून म्हणाले, याला म्हणतात इंग्रजी. खोटं कशाला बोलू, पत्र खरंच देखणं होतं. सासूबाईंनी विचारलं, पाणी कधी देतो म्हणतोय? काकांनी चष्मा वर सरकवून पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं. शेवटापर्यंत गेले आणि कागद घडी घालून खिशात ठेवला. पाण्याचं त्यात कुठेच काही नव्हतं.

त्या रविवारी आम्ही सगळ्या जणी बिल्डरच्या सेल्स ऑफिसात जाऊन सोफ्यांवर बसलो. सॅम्पल फ्लॅट बघायला गिऱ्हाइकं येत होती. तिथला टायवाला मुलगा घाबराघुबरा होऊन माझ्याजवळ वाकला आणि हळूच म्हणाला, मॅडम, तक्रार लेखी द्या ना, साहेबांना देतो.

तेवढ्यात एक नवराबायको कडेवर लेकरू घेऊन आत आले. बाई माझ्या शेजारीच टेकली. मी तिला सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, “ताई, फ्लॅट मागाहून बघा. आधी याला नळ सोडून दाखवायला सांगा.”