दायलेनिसचा पाय

आमच्या गावात दोनच प्रकारची माणसं राहतात, बेडूक आणि बोकड. चर्चच्या अलीकडे जन्मलात तर बेडूक, रुळांच्या पलीकडे जन्मलात तर बोकड. यात कुणाला काही विचारत नाहीत. वर्षभर आम्ही एकमेकांशी सोयरिकी करतो, एकमेकांकडून कॉफी उसनी आणतो, एकाच टेबलावर डॉमिनो खेळतो. मार्चमधली रथांची मिरवणूक जवळ आली, दोन्ही आळ्या आपापले रथ बांधायला लागल्या, की सगळं बंद. रथाच्या शेडला कुलूप, तोंडाला कुलूप. बायको बेडूक आणि नवरा बोकड असेल, तर नवरा उशी उचलून आपल्या आईकडे झोपायला जातो. त्या दिवसांत गावातल्या सासवा फार खुशीत असतात.

कारण एवढंच, की रथावर काय आहे ते रथ बाहेर पडेपर्यंत समोरच्यांना कळता कामा नये. कळलं, तर ते त्यावर टिंगलीचं गाणं रचतात, एक सोंग बनवतात आणि तुमच्या रथापुढे नाचवतात. मग तुम्ही वर्षभर राबून राजवाडा का उभा केला असेना, लोक हसतात ते सोंगाला. एका वर्षी बोकडांचा देवमासा आम्हाला आधीच कळला. आम्ही काठीला सार्डिन माशांचा रिकामा डबा बांधला आणि त्यांच्या पुढे पुढे चाललो. बस्स. अजूनही एखादा बोकड मासळीच्या दुकानात दिसला की मागून कुणीतरी डबा वाजवतं. बहुतेक वेळा मीच.

तर अशा या गावात आमची दायलेनिस. आई मिरेलिस पक्की बेडूक, बाप लांदो पक्का बोकड. पोरगी जन्मली चर्चच्या अलीकडे, म्हणून बेडूक. पण आळीतल्या बायका 'अर्धी' म्हणायच्या, तिला ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात. सोळा वर्षांची, काटकुळी, आणि एका जागी स्थिर म्हणून नाही. बसली की उजवा पाय हलायला लागायचा. चर्चमध्ये बसली तर सगळा बाक हलायचा, आणि पुढच्या म्हाताऱ्यांना वाटायचं, देवाचं काहीतरी चाललंय.

तो पाय एकाच प्रसंगी थांबायचा. खोटं बोलताना. लहानपणी शेजारणीच्या मांजराच्या मिशा कुणीतरी कातरल्या, तेव्हा ही शपथेवर म्हणाली, "मी नाही." पाय असा गप्प झाला, जसा वीज गेल्यावर पंखा. लांदोनं चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. पाय पाहिला आणि कान पिळला.

पोरीचा मुक्काम बागेत. गावात इंटरनेट तेवढंच, बागेतल्या खांबावरचं. कार्ड घ्यायचं, नखानं खरवडायचं, आकडे टाकायचे आणि मिनिटं संपेपर्यंत जगाशी बोलायचं. लॉरेलच्या झाडाखाली निम्मं गाव फोनवर ओरडत असतं. मायामीतल्या कुणाच्या मुलीनं कुणाशी संसार थाटला, ही बातमी माझ्यासारख्या आळीतल्या म्हाताऱ्याला तिथे फुकट मिळते, म्हणून मीही तिथेच. दायलेनिस माझ्या बाकावर बसते, कारण माझ्या बाजूला सावली आहे आणि मी हलणाऱ्या बाकाबद्दल तक्रार करत नाही.

तिची आवडती पानं मला तोंडपाठ. एका पानावर बुडबुडे फोडायचे, ते कधीच संपत नाहीत. एका पानावर नुसती एक गोगलगाय पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालते. जिचा पाय क्षणभर थांबत नाही ती पोर मोजूनमापून मिळालेली मिनिटं गोगलगायीवर घालवते!

"अगं, गोगलगायी काय आमच्या परसात कमी आहेत?" मी म्हणायचो.

"त्या परसातल्या, आजोबा. ही इंटरनेटवरची आहे."

एका पानावर आपला फोटो घातला की म्हातारपणी आपण कसे दिसू ते कळायचं. तिनं माझा घातला. कितीतरी वेळ गोल गोल फिरून पान म्हणालं, चूक झाली, पुन्हा प्रयत्न करा. ही गोष्ट तिनं सगळ्या बागेला सांगितली.

आणि छळ तर विचारूच नका. काही वाचायला घ्यावं तर मध्येच चौकट: तुमच्या फोनमध्ये विषाणू शिरलेत. ती घालवावी तर दुसरी: अभिनंदन, तुम्ही मोटार जिंकलात. एखादं पान म्हणणार, हे तुमच्या देशात मिळत नाही. त्यावर तिच्याकडे एक युक्ती होती, फोनला वाटायचं आपण नॉर्वेत आहोत. पान उघडायचं, पण मग घामानं निथळणाऱ्या पोरीला सगळ्या जाहिराती बर्फ ओढायची फावडी विकायला लागायच्या. एकदा पडद्यावर चित्रं आली: तुम्ही यंत्र नाही हे सिद्ध करा, ट्रॅफिक सिग्नल निवडा.

"आजोबा, सिग्नल म्हणजे नेमकं कुठून कुठपर्यंत? खांब धरायचा की नाही?"

मला काय माहीत! आमच्या गावात घोडागाड्या आहेत, आणि घोडा थांबला की आम्ही थांबतो. तीन वेळा चुकली. आता पानाच्या लेखी ती यंत्रच.

यंदाच्या रथाचा प्रमुख तिचा मामा, फ्रेदो सुतार. यंदाचं गुपित होतं मोर. पोटात माणूस मावेल एवढा, वेळेवर पिसारा उघडणारा. पण फ्रेदोनं उभ्या आयुष्यात मोर पाहिलेला नव्हता. शेडमध्ये दोन गट पडले, पिसारा पंख्यासारखा उघडतो की छत्रीसारखा, आणि भांडण हातघाईवर आलं. तेव्हा फ्रेदोनं भाचीच्या हातात एक कार्ड ठेवलं.

"फक्त मोर. उभा, आडवा, मागून, पुढून. दुसरीकडे बोट न्यायचं नाही. नीट आणलंस तर शेडमध्ये घेतो."

दायलेनिस जागच्या जागी उडाली. शेडमध्ये जायचं म्हणून ती लहानपणापासून दाराच्या फटीला डोळा लावून उभी राहायची, आणि आतून कुणीतरी ओरडायचं, "अर्धीला हाकला रे!" आत गेली की ती पूर्ण बेडूक. पुढे कुणाची टाप नव्हती तिला काही म्हणायची.

तिनं मोर आणले. फोटो आणले, व्हिडिओतला एक चालता-बोलता मोरही उतरवून घेतला, पिसारा फुलवलेला. काम चोख झालं. पण कार्डावर मिनिटं उरली. उरलेली मिनिटं घेऊन कुणी बागेतून उठतं का? समोर पान आलं: तुम्ही कोणता पक्षी आहात? दिवसभर मोर शोधले होते, म्हणून ते पान येऊन दारात बसलं असणार. लाडका रंग कोणता, सकाळी लवकर उठता का, गर्दी आवडते का. हिनं मन लावून उत्तरं दिली.

तुम्ही मोर आहात!

खाली कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं, की निकाल तुमच्या सगळ्या मित्रांना दाखवला जाईल. मुंगीएवढी अक्षरं कोण वाचतं? ती घरी पोचायच्या आत तिच्या नावाखाली भलामोठा निळा मोर पिसारा फुलवून उभा होता, आणि बोकडांकडच्या एका चुलत बहिणीनं खाली लिहिलं होतं, 'काय गं, यंदा बेडकांना पिसं फुटली वाटतं?'

शेडच्या दारात फ्रेदो लाल झाला.

"मामा, मी नाही टाकलं! त्यानंच टाकलं!"

"कुणी?"

"त्या पानानं!"

"पानाला हात असतात? बोकडाची पोर ती बोकडाचीच! जा, बापाला जाऊन सांग, काम फत्ते झालं म्हणून."

हे लागलं तिला. ती माझ्या बाकावर येऊन बसली, आणि बाक असा हलायला लागला की माझी कॉफी सदऱ्यावर आली. मिरेलिस धावत आली आणि म्हणाली, "पुसून टाक ते आधी!"

"पुसलं तर त्यांची खात्रीच पटेल ना आई! मोर खरा आहे म्हणूनच पुसला म्हणतील."

"मग काय करणार आहेस?"

पोरीनं थोडा वेळ नख खाल्लं. मग माझ्याकडे वळली. "आजोबा, तुमच्याकडे कार्ड आहे?"

होतं. दिलं.

त्या दिवसापासून दायलेनिसनं जगातली असली एकही चाचणी सोडली नाही. सकाळी ती बटाटा होती. दुपारी समुद्री चाचा. त्यानंतर डास, किल्ला, इजिप्तचा राजा फारो, वाफेचं इंजिन, पुन्हा बटाटा. प्रत्येक निकाल तिच्या नावाखाली झळकत होता. बोकडांनी आधी हसून घेतलं, मग एकमेकांकडे बघितलं. मोर एवढ्या गर्दीत दिसेनासा झाला. फ्रेदोनं मध्येच सोनेरी रंग आणला, तेव्हा तर त्यांच्यात मोठीच खलबतं झाली. कोण म्हणे फारो, कोण म्हणे चाच्याचा खजिना.

शेवटी त्यांनी लांदोला पाठवलं. बापाला पोरीचं खोटं पकडता येतं, हे सगळ्या गावाला माहीत.

तो आला तो शेंगदाण्याच्या दोन पुड्या घेऊन. एक तिला दिली, एक स्वतःला. मला विचारलंही नाही, बोकड तो बोकड.

"काय राणीसाहेब, आज कोण आपण?"

"अजून ठरायचंय पप्पा. प्रश्न संपले की कळेल."

"तुझ्या आईशिवाय झोप येत नाही बघ मला. आजीच्या घरात डासच डास."

"मग या ना परत."

"रथ निघू दे, येतो." त्यानं दाणे तोंडात टाकले. पुढे झुकला. नजर खाली, तिच्या पायावर. "बाळा, खरं सांग. मोर आहे ना?"

पाय थांबणार, हे मला दिसत होतं. टाच जमिनीला टेकलीही होती.

आणि तेवढ्यात तिच्या फोनमधून एक माणूस किंचाळायला लागला. पोट कमी करायचा पट्टा! आजच मागवा! चित्र आपणहून सुरू झालेलं, आवाज पूर्ण, आणि बंद करायची फुली डासाच्या डोळ्याएवढी. बोट ठेवावं तर बाजूला सरकायची. कोपऱ्यात मिनिटं गळत होती.

"मोर? कसला मोर पप्पा... अरे बंद हो ना मेल्या! माझी मिनिटं! पप्पा, हा बघा ना, फुलीच सापडत नाही!"

पाय शिवणयंत्रासारखा सुटला. बाक हलला, मी हललो, लांदोचे दाणे सांडले. लांदो बराच वेळ त्या पायाकडे बघत राहिला. मग समाधानानं उठला आणि तिच्या डोक्यावर हात फिरवून रुळांच्या दिशेनं गेला. संध्याकाळपर्यंत बोकड आळीत घरोघरी जुन्या चादरी फाडायचं काम सुरू झालं. फारोच्या रथापुढे नाचवायला ममी नको का!

फ्रेदोला ही हकीकत मी सांगितली, थोडं तिखटमीठ लावून. दुसऱ्या दिवशी शेडचं दार उघडं ठेवून तो तिला म्हणाला, "ये आत. मोराच्या पोटात बसायला कुणीतरी बारीक माणूस हवंच होतं. खूण केली की दोरी ओढायची. पण तो पाय बांधून बसायचं. आतली फळी हलली तर सगळा डोलारा हलेल."

"मामा, त्या मोराचा पिसारा थरथरत होता. मी पाहिलंय. नुसता उघडून ठेवत नाही तो."

"मोर कसा असतो ते आता तू शिकवणार मला?"

आणि चिंधीनं त्यानं तिचा पाय खरंच फळीला बांधला.

दिवेलागणीला रथ निघाला. पुढे ट्रॅक्टर, मागे आमचा बँड, आणि चौकात बोकड ममी खांद्यावर घेऊन, गाणं पाठ करून उभे. रथ झाकणारा पडदा खाली पडला. मोर! बोकडांच्या गाण्याचा पहिला शब्दच घशात अडकला. ममी वर उचललेली ती तशीच राहिली. एवढा आनंद मला स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता.

फ्रेदोनं खूण केली. पिसारा वर चढला, पूर्ण उघडला आणि थांबला. भव्य होता, पण दोरीवर वाळत घातलेल्या चादरीसारखा. लोक टाळ्या वाजवू की नको अशा विचारात पडले. बोकडांतून पहिलं हसू फुटलं. "मेला काय रे मोर?" कुणीतरी ओरडलं. दुसरं, तिसरं. फ्रेदोचा चेहरा मला बघवेना.

तेव्हा पिसाऱ्याच्या बुडाशी जडवलेला एक छोटा आरसा चमकला. मग शेजारचा. मग थरथर खालून वर चढत गेली, एकेक पीस सळसळायला लागलं, आणि सगळे आरसे चौकातल्या दिव्यांत असे पेटले की मागच्या रांगेतली मुलं बापाच्या खांद्यावर चढली. फ्रेदो आ वासून उभा. चौकातून असा आवाज उठला की घोडे बुजले.

लांदोच्या हातात ममीचे पाय होते. तो पिसाऱ्याकडे बघत नव्हता. मोराच्या पोटाखाली थरथरणाऱ्या फळीकडे बघत होता. मी मुद्दाम त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. असा क्षण कोण सोडतो?

"हा पाय मी ओळखतो," तो म्हणाला.

"कुणाचा म्हणायचा?"

"त्या दिवशी बाकावर हाच हलत होता."

"पोटाच्या पट्ट्याची जाहिरात लागली होती," मी म्हटलं.

लांदोनं माझ्याकडे पाहिलं, ममीकडे पाहिलं. उशीबरोबर उचलून आणलेली बायकोची चांगली चादर होती त्यात, फुलाफुलांची. मग त्यानं ममी शेजारच्या बोकडाच्या अंगावर टाकली आणि सगळ्या बोकडांच्या देखत, दोन्ही हातांनी, बेडकांच्या मोराला टाळ्या वाजवल्या.