नानांच्या नावची घागर

एका धडधाकट माणसाला मी मयत म्हणून जगभर जाहीर केलं होतं, तेही इंग्रजीत. आता नातवंडं मला मोबाईल शिकवायला येतात आणि 'आजी, तुला इंटरनेटमधलं काय कळतं' म्हणतात, तेव्हा मी नुसती हसते. त्यांचे आईबाप कळफलकाला हात लावायला घाबरत होते, त्या काळात मी एवढं करून बसले होते.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. जळगावात मी एका बँकेत कारकून होते. बँकेत कॉम्प्युटर आले आणि प्रशिक्षणाला कोणाला पाठवायचं हा प्रश्न पडला. बाकीच्यांना पाठदुखी, डोळेदुखी, सासूचं आजारपण अशी कारणं सुचली. मला वेळेवर काही सुचलं नाही, म्हणून मी गेले. परत आले ती मात्र कॉम्प्युटरवाली बाई होऊन. यंत्राच्या खोलीबाहेर चपला काढायच्या, शिंक आली तर बाहेर जाऊन शिंकायचं, हे नियम मी साहेबांनासुद्धा लावले. पन्नाशीला टेकले होते, पण चाल अशी की कॉम्प्युटरचा शोध मीच लावलाय.

माझं माहेर पारोळ्याजवळच्या एका खेड्यात. अक्षय तृतीयेला, म्हणजे आमच्या आखाजीला, आम्ही लेकीबाळी तिकडे जमायचो. एकीकडे झोके आणि गाणी, दुसरीकडे घरात पितरांच्या घागरी. घरातल्या प्रत्येक गेलेल्या माणसाच्या नावाने पाण्याची घागर भरायची, गळ्याला दोरा गुंडाळायचा, तोंडावर डांगर म्हणजे खरबूज ठेवायचं आणि वर सांजोरी, म्हणजे सांजा भरलेली गोड पुरी. आमच्या घरात तीन घागरी असत. आजोबांची, आजीची, आणि तिसरी नानांची.

नाना म्हणजे माझे काका, वडिलांचे धाकटे भाऊ. मी लहान असताना त्यांचं आणि आजोबांचं भर शेतात भांडण झालं. आजोबा म्हणाले, "आजपाईन तू आमले मरी गया." नानांनी बैल हाकायची पराणी तिथेच टाकली आणि बांधावरून जे गेले ते गेलेच. मला त्यांच्याबद्दल एवढंच आठवायचं, की आखाजीला नैवेद्याच्या आधी ते डब्यातून सांजोऱ्या पळवायचे आणि एक माझ्या फ्रॉकच्या खिशात कोंबायचे, म्हणजे सापडलो तर दोघं सापडू.

पुढे बरीच वर्षं खबर नाही म्हटल्यावर वडिलांनी, म्हणजे आबांनी, त्यांच्या नावची घागर भरायला सुरुवात केली. माणूस अतृप्त राहू नये हा त्यांचा हेतू. त्या घागरीवरची सांजोरी नैवेद्य झाल्यावर कोणी खात नसे. मी खायची. अन्न वाया जाऊ नये म्हणून, असं मी तेव्हा सांगायची.

फक्त फुई या सगळ्यात बसायची नाही. फुई म्हणजे आबांची बहीण, माझी आत्या. धुळ्याच्या पलीकडे एका खेड्यात दिलेली. नाना तिच्या कडेवर वाढले होते. तिसरी घागर निघाली की ती उठायची. "मना भाऊ जित्ता शे. जित्ता मानूसनी घागर भरतस का कोनी?" एवढं बोलून निंबाखालच्या झोक्यावर जाऊन बसायची, आणि त्या दिवशी सांजोरीला हात लावायची नाही. आबा ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. दर वर्षी हेच.

एका आखाजीला तिने मला झोक्याजवळ बोलावलं. तिच्या डोळ्यांवर मोतीबिंदूचा सारा आला होता. माझा चेहरा तिने हाताने चाचपला आणि म्हणाली, "तुना त्या मशीनमा दख ना माय, मना भाऊ कोठे शे ते. मना डोया जायाना पह्यले एकदाव त्याले दखू दे."

बँकेतल्या मशीनमध्ये फक्त खातेदार दिसतात, हे मी तिला सांगायला हवं होतं. पण कॉम्प्युटरवाली बाई नाही कशी म्हणेल? मी म्हटलं, "बघते ना फुई, त्यात काय."

जळगावात तेव्हा इंटरनेटचं एक नवंच दुकान निघालं होतं. बँक सुटल्यावर मी तिथे जायला लागले. पहिल्या दिवशी शोधायच्या चौकटीत मी नीट इंग्रजीत लिहिलं, 'कृपया माझे काका कुठे आहेत ते कळवा.' यंत्राने बराच वेळ घरघर केली आणि परदेशातल्या कोण्या काकाच्या लोणच्याची जाहिरात दाखवली. चित्र वरून खाली इतकं हळू उतरत होतं, की बरणी दिसेपर्यंत मला वाटत होतं नानांचंच डोकं येतंय.

मग मी गुजरातची टेलिफोनची यादी शोधून काढली, कारण नाना सुरतेकडे दिसले होते असं गावात कोणीतरी कधीतरी म्हटलं होतं. पण आमचं आडनाव असं, की बाजारात खडा मारला तर चौघांना लागेल. ती यादी संपेचना. शेवटी खान्देशातून परदेशी गेलेल्या पोरांनी काढलेलं एक पान सापडलं. तिथे कोणीही निरोप लिहून ठेवावा, कोणीही वाचावा. एक जण वांग्याच्या भरताची कृती विचारत होता, दुसरा त्याला हिरवी वांगी मिळतील असं दुकान सांगत होता. मी पदर खोचला आणि निरोप लिहिला.

आता माझी अक्कल बघा. बँकेत माझं टेबल कुठलं? मयत खातेदारांच्या वारसांचं. दिवसभर तेच लिहून हाताला तेच वळण. त्यात घागर डोळ्यांसमोर. फुईने विचारलं होतं भाऊ कुठे आहे, आणि मी लिहिलं, 'अमुक गावचे मयत अमुक अमुक यांचे कोणी कायदेशीर वारस असल्यास त्यांनी पुराव्यासह पंधरा दिवसांच्या आत खालील पत्त्यावर संपर्क साधावा.' खाली माझा ई-मेलचा पत्ता. वर पुन्हा वाचून बघितलं आणि स्वतःच्या इंग्रजीवर खूश झाले.

पंधरा दिवस गेले, त्याच्यावर आणखी काही गेले. रोज पत्रपेटी उघडायची आणि रिकामी बघून घरी जायचं. आणि एक दिवस अमेरिकेतून उत्तर आलं. ते मला अजून पाठ आहे. 'आपली नोटीस वाचली. वारस म्हणून कळवतो, की मयताला काल मी फोन केला होता. मयत तेव्हा जेवत होते. दोन भाकरी झाल्यावर तुमचा मजकूर वाचून दाखवला. मयताने विचारलंय, ही कोण?'

लिहिणारा नानांचा मुलगा होता. माझा सख्खा चुलतभाऊ, ज्याचा जन्मसुद्धा आम्हाला माहीत नव्हता. आणि नाना कुठे? सुरतेच्या अलीकडे, व्याऱ्याला. अमळनेरला गाडीत बसलं तर नंदुरबार, नवापूर, की आलंच व्यारा. चाळीस वर्षं माणूस त्याच रुळांच्या कडेला बसला होता, आणि माझा निरोप अमेरिकेला वळसा घालून त्याच्यापर्यंत पोचला.

मी रजा टाकून धुळ्याची एसटी पकडली. वाटेत ठरवलं, मयताचं काही सांगायचं नाही. फुईपुढे बसले आणि सगळं सांगून टाकलं, कारण तिच्यापुढे कधी काही लपलंच नाही. ती रडली नाही. उलट म्हणाली, "दोनच भाकरी? तो ते तीन खाये. बरं नही का त्याले?"

खरी अडचण पुढे होती. चुलतभावाने लिहिलं, वडील यायला नाही म्हणतात. म्हणतात, बाप मेलास म्हणाला ते रागात. पण भाऊ दर वर्षी शांत डोक्याने मला पाणी देतोय, त्या घरात मी कोणाच्या तोंडाकडे बघून जाऊ? हे त्यांना कोणी कळवलं होतं असं वाटतंय? मीच. दुसऱ्या पत्रात, मयत का लिहिलं त्याचा खुलासा म्हणून, घागरीची सगळी रीत मी तपशीलवार लिहून पाठवली होती. बँकेत खुलासा सविस्तर द्यावा लागतो.

इकडे आबाही अडून बसले. "ज्याले पानी दिध, तो घरमा कसा येई?" म्हणाले. असं कुठे झालेलं नाही, ब्राह्मणाला विचारावं लागेल, गाव काय म्हणेल. मी म्हटलं, "आबा, गावाला आनंद होईल." आबा म्हणाले, "तू गप बैस. तून बी ते मयत लिखं ना?"

फुईला हे कळलं तेव्हा तिने विचारलं, "तुना मशीनमा मना बोल जाई का?" मी म्हटलं जाईल. तिने सांगितलं आणि मी जळगावात येऊन इंग्रजी अक्षरांत जसंच्या तसं ठोकलं. या खेपेला एक शब्दही सुधारला नाही. 'आखाजीले मी माहेर जाई ऱ्हायनू. पानी भरी ठेवसू. तहान लागनी ते ये.'

उत्तर आलं नाही.

आखाजीला आम्ही सगळे जमलो. आबांनी आजोबांची घागर मांडली, आजीची मांडली, आणि तिसरी हातात घेऊन उभे राहिले. भरावी तरी पंचाईत, ठेवून द्यावी तरी पंचाईत. फुई जागची उठली. आम्हाला वाटलं, निघाली झोक्याकडे. ती चाचपत आबांजवळ आली, घागर त्यांच्या हातातून घेतली आणि मला म्हणाली, "पानी टाक यामा. गार टाक." दोरा नाही, डांगर नाही. घागर तिने पितरांच्या रांगेत ठेवलीच नाही, ओट्यावर दाराशी ठेवली. वर तांब्या पालथा घातला आणि शेजारी बसली. आबा म्हणाले, "ऊनमा का बसनी?" ती म्हणाली, "पानी राखी ऱ्हायनू."

नैवेद्य झाला. पोरं जेवून उठली. फुई काही जागची हलेना, म्हणून मीही ताट घेईना. बाहेर असं ऊन, की निंबाखाली झोकेसुद्धा रिकामे.

मग फाटकापाशी एक म्हातारा येऊन थांबला. पांढरा लेंगा, खांद्यावर पिशवी. आत यायचं की नाही, हे त्याचं अजून ठरत नव्हतं.

फुईला नुसती सावली दिसली. "कोन शे?"

त्याने पिशवी खाली ठेवली. मग म्हणाला, "तहान लागनी, अक्का."

फुईचे हात तांब्या शोधायला लागले, आणि घाईत धक्का लागून तांब्या घरंगळला. मी उठणार, तेवढ्यात मागून आबा आले. त्यांनी तांब्या उचलला, पंच्याने पुसला, त्याच घागरीतून भरला आणि अनवाणीच फाटकापर्यंत गेले. दोघं भाऊ एकमेकांपुढे उभे राहिले. नानांनी तिथेच उभ्याने तांब्या रिकामा केला. आबा म्हणाले, "आखो लेस का?" नाना म्हणाले, "घरमा जाईसन पिसू."

फुईने त्यांचं तोंड, कान, हात सगळं चाचपून बघितलं आणि वाळला म्हणून त्यांनाच रागावली. ब्राह्मणाला विचारायचं कोणाच्या लक्षात राहिलं नाही. इतक्या वर्षांनी त्या आखाजीला फुईने सांजोरी खाल्ली, आणि नानांनी तीन भाकऱ्यांची जागा भरेल एवढ्या पुरणपोळ्या.

मी मात्र सैपाकघराच्या दाराआड उभी होते. जगभर मयत जाहीर केलेल्या माणसापुढे कुठल्या तोंडाने जायचं? शेवटी फुईनेच मला ढकललं आणि सांगितलं, हीच ती मशीनवाली. मी वाकून नमस्कार केला आणि म्हटलं, "नाना, चुकलं माझं. मी तुम्हाला मयत लिहिलं."

नानांनी हात पुसले, पुढ्यातला सांजोऱ्यांचा डबा आपल्याकडे ओढून घेतला आणि माझ्याकडे निरखून बघत म्हणाले, "ते ऱ्हाऊ दे, पोरी. इतला वरीसन्या मन्या सांजोऱ्या कोनी खाध्यात, ते सांग."