आधी भिजू दे

गोविंदा गेला त्या सकाळी त्याच्या छातीवरचा कापूस मीच ओढून काढला होता. दीड महिना झाला, कुणाजवळ बोललो नाही. लोक म्हणतात, तापानं गेला. ताप काय आभाळातून पडला?

तो माझा जुना दोस्त, अकोल्याच्या दवाखान्यात डॉक्टर; मी अमरावतीच्या बाजारात कापसाचा पारखी. चिमूटभर कापूस दोन्ही हातांनी ओढायचा, धागा किती लांब निघतो ते बघायचं, की झाली पारख. माझ्या या चाळ्याला तो हसायचा. माझ्याकडे येताना भिंगाची नळी आणायचा, तिच्याखाली बेडकाची कातडी ठेवायचा. "पाह्य लेका, या पेशी. कुठं फट हाये का? एकीनं दुसरीले धरून ठेवलं हाये. म्हनून आंगातलं पानी आंगात राह्यते अन् बाहेरची घान बाहेर." मला आपली त्यात फरशीच दिसायची...

मग अकोल्यात कापसाच्या वखारीला आग लागली. आत अडकलेल्या बायांना बाहेर काढता काढता त्याची छाती भाजली. त्याला घरचं कुणी नव्हतं, म्हणून बैलगाडीत घालून माझ्याकडे आणला. जखमेवर कापूस त्यानंच ठेवायला लावला. आठवड्यानं काठाला गुलाबी कड दिसली तेव्हा काय खूश झाला! "नवी कातडी हाये थे. काठावरून आत सरकते. कापूस चिकटला तं ओढू नको बे. आधी भिजू दे, आपोआप सुटते."

भिजायला अर्धा तास लागायचा. आणि ते साल कसलं! अमेरिकेत लढाई पेटलेली, विलायतेला कापूस पुरत नव्हता, माझ्या दारात सकाळपासून दलाल ताटकळलेले, रस्ताभर गाड्या. तो दुखण्यावरच्या अफूनं गुंगीत पडून असायचा, मला दटावणारं कुणी उरलं नाही, आणि मी कोरडाच कापूस ओढू लागलो. रोज सकाळी. ओढायचीच सवय हातांना! कापसाबरोबर ती कडही निघून यायची आणि जखम पुन्हा उघडी पडायची. मला ते दिसत होतं. तरी मी उद्यापासून भिजवू म्हणत राहिलो, तोवर उघड्या जखमेतून घाण आत गेली आणि ताप चढला.

तो शेवटचा कापूस मला फेकवला नाही. नळीही माझ्याच कोनाड्यात आहे. काल कापसाला चिकटलेला कातडीचा पापुद्रा पाण्यात ठेवला, अर्धा तास थांबलो, आपोआप सुटू दिला. मग भिंगाखाली धरला. पेशी तशाच होत्या, एकमेकींना घट्ट धरून. मी इतकं ओढूनही त्यांनी एकमेकींना सोडलं नव्हतं. गोविंदापासून मात्र मी त्यांना तोडलं होतं.